पायलटची चूक: डेटनहून थोडा इतिहास



डेटन हे राइट बंधूंचं गाव. इथे बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं की आम्ही एकच उत्तर देतो: हवाईदलाचं म्युझियम. प्रवेश फुकट, त्यामुळे भारतातून आलेले आईवडील, सासूसासरे, लग्नानंतर ट्रिपला निघालेली भाचरं, सगळ्यांची तिथे एक तरी चक्कर होतेच. विमानं सगळेच बघतात. पण म्युझियमला लागून जो राइट-पॅटरसन तळ आहे, तिथे जवळजवळ नव्वद वर्षं विमानाऐवजी विमानात बसलेल्या माणसाचा अभ्यास चाललेला आहे. त्याचं रक्त, त्याचे कान, त्याच्या मांडीची लांबी, त्याचा श्वास. मला ही गोष्ट विमानांपेक्षा जास्त ओढते.

त्याचं कारण दोन शब्द. लष्करी विमान पडलं की चौकशी होते आणि फार वेळा तिच्या शेवटी 'पायलट एरर' असं लिहिलेलं असतं. उत्तर द्यायला पायलट बहुधा उरलेला नसतो. या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं ते खणून काढणारी माणसं याच तळावर होऊन गेली, आणि याच तळाचं हवाईदल ते शब्द पुन्हा पुन्हा लिहीतही राहिलं. दोन्ही सांगायला हवं.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली तेव्हा तिच्या लष्करी डॉक्टरांनी ब्रिटिशांच्या अनुभवाचा म्हणून एक हिशेब मांडला: शंभर वैमानिक गमावले तर त्यातले २ शत्रूमुळे, ८ विमानातल्या दोषामुळे, आणि ९० स्वतःमधल्या दोषामुळे! हा आकडा इतक्या ठिकाणी छापला गेलाय की तो आता पुराणातल्यासारखा झालाय. मला तो कधीच पटला नाही. एप्रिल १९१७ या एकाच महिन्यात ब्रिटिशांनी पश्चिम आघाडीवर दोनशेच्या वर विमानं गमावली, त्या महिन्याला त्यांनी 'रक्तरंजित एप्रिल' नाव दिलं, आणि म्हणे शंभरात दोनच शत्रूने मारले. पण आकडा डॉक्टरांच्या सोयीचा होता. त्याच्या जोरावर कर्नल थिओडोर लिस्टर यांनी वैमानिकांसाठी वेगळे डॉक्टर आणि लाँग आयलंडवर मिनिओला इथे १९१८च्या जानेवारीत वेगळी प्रयोगशाळा मिळवली. काम चांगलं झालं, मात्र दोषी कोण हे आधीच ठरवून झालं.

त्या काळच्या तपासण्या किती ठाम आणि किती कच्च्या होत्या याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय लंडनला शिकत होता. रॉयल फ्लाइंग कोअरने त्याला डोळ्यांसाठी नापास केलं. पठ्ठ्याने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशात एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि पास झाला. जुलै १९१८मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने हवेतल्या लढाईत १० विजय मिळवले आणि २२ तारखेला मारला गेला. वय १९. डोळ्यांचं म्हणाल तर त्यांना बहुतेक काहीच झालेलं नसावं!

आता कानाची गोष्ट. त्या पिढीत खरा पायलट म्हणजे ढुंगणाने विमान उडवणारा. माफ करा, पण इंग्रजीतही ते असंच म्हणत. म्हणजे खुर्चीतून अंगाला जे जाणवतं त्यावर विश्वास ठेवायचा. ढगात शिरून जो गोल गोल फिरत खाली आला तो कच्चा, संपलं. विल्यम ओकर नावाचा जुना, मुरलेला सैनिकी वैमानिक १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर नेहमीच्या तपासणीला गेला. डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी त्याचे डोळे बांधले, फिरत्या खुर्चीत बसवलं, हळूहळू फिरवलं आणि विचारलं, कुठल्या बाजूला फिरतोयस? ओकरची उत्तरं साफ चुकली. खुर्ची थांबली तरी तो म्हणे, उलट्या दिशेने फिरतोय.

लहानपणी आपण गरगर फिरून धपकन बसायचो, तोच प्रकार. कानाच्या आत तीन नळ्या असतात, त्यात द्रव असतो. वळण सुरू झालं की द्रव मागे राहतो आणि वळल्याचं कळतं. वळण एकसारखं चालू राहिलं तर पंधरावीस सेकंदांत द्रव नळीचा वेग पकडतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. मग विमान सरळ केलं की वाटतं, उलटं वळलो. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ते कानाला गप्प बसवतात. रात्री किंवा ढगात क्षितिजच नाही, मग कानाचं राज्य.

ओकर चिडला नाही, विचारात पडला. पुढच्या वेळी त्याने एका पेटीत वळण दाखवणारं यंत्र बसवून आणलं, पेटीत डोळे घालून त्याच खुर्चीत बसला आणि सगळी उत्तरं बरोबर दिली. निष्कर्ष सोपा होता: चूक पायलटमध्ये नाही, माणसाच्या कानात आहे, आणि ती सगळ्यांत आहे. एक काटा पुरेसा आहे. हे पटवायला त्याला वर्षं लागली, वरिष्ठांना तो चक्रम वाटायचा. शेवटी १९३२ साली त्याने कार्ल क्रेनबरोबर न बघता विमान उडवण्यावर पुस्तक काढलं.

डेटनची प्रयोगशाळा याच सुमाराची. हॅरी आर्मस्ट्राँग हे मिशिगनच्या थंडीत, उघड्या कॉकपिटच्या विमानांबरोबर काढलेले डॉक्टर. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी इथे वैमानिकांच्या शरीरशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचं नाव आज एका उंचीला आहे. साधारण ६३,००० फुटांवर हवेचा दाब इतका कमी होतो की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं. ती आर्मस्ट्राँग रेषा. पण तिथपर्यंत जायची गरजच नसते. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा झालेला असतो. २५,००० फुटांवर प्राणवायूची नळी सुटली तर कामाची शुद्ध तीन ते पाच मिनिटं, ३५,००० वर अर्ध्या ते एका मिनिटाची.

आणि ही शुद्ध कशी जाते ते बघा. दम लागत नाही, गुदमरत नाही. उलट मजा वाटते. १८७५ साली तीन फ्रेंच बलूनमधून आठ हजार मीटरच्या आसपास गेले. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या, पण तोंडाला लावायला हात उचलायची शक्ती उरली नाही, आणि भीतीही वाटेना. दोघे मेले. तिसऱ्या तिसांदिएने खाली आल्यावर लिहून ठेवलं की त्या वेळी त्रास काही नव्हता, आत एक आनंद होता. प्राणवायू कमी पडलेल्या पायलटला "तुला कसं कळलं नाही?" असं विचारणं म्हणूनच निरर्थक आहे. ज्या मेंदूने ओळखायचं, तोच आधी जातो.

इथले डॉक्टर स्वतःवर प्रयोग करत, हेही सांगायला हवं. रँडॉल्फ लव्हलेस यांनी जून १९४३मध्ये ४०,२०० फुटांवरून उडी मारली. आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी! पॅराशूट उघडल्याचा हिसका इतका की ते बेशुद्ध झाले, डाव्या हाताचे मोजे उडाले, हात गारठून गेला. खाली आले जिवंत.

आता माझा आवडता माणूस. आल्फोन्स चॅपानिस, मानसशास्त्रज्ञ, १९४३ साली लेफ्टनंट म्हणून या प्रयोगशाळेत आला. त्याच्यापुढे कोडं होतं बी-१७ बाँबर विमानांचं. मोहिमेवरून सुखरूप परतलेली, सुखरूप उतरलेली विमानं धावपट्टीवर चाकं मिटून पोटावर बसत होती. अहवाल ठरलेला: पायलटची चूक. वैमानिक दमलेले होते हे खरंच. पण चॅपानिसला दिसलं की हे सी-४७ च्या वैमानिकांकडून होत नाही. तेही तसेच दमलेले, तशाच शाळेतून आलेले.

म्हणून तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला. बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि पंखांच्या फ्लॅप्सचा खटका शेजारी शेजारी, आकाराने हुबेहूब. उतरल्यावर फ्लॅप्स मिटायचे असतात. अंधारात, आठ-दहा तासांच्या उड्डाणानंतर, हात एक इंच चुकला की फ्लॅप्सऐवजी चाकं मिटणार. सी-४७ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीच्या होत्या. चॅपानिसने सुचवलेला इलाज काही डॉलरचा होता: चाकांच्या खटक्यावर छोटंसं रबरी चाक बसवा, फ्लॅप्सच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळलं पाहिजे. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांडीला चाकाच्या आकाराचा गोळा असतो, नियमच आहे तसा.

आपल्यापैकी निम्मे सॉफ्टवेअरमध्ये आणि उरलेल्यांत डॉक्टर बरेच. 'युजर एरर' न ऐकलेला एकही सापडायचा नाही. मला माहीत असलेल्या एका इस्पितळात (नाव नको) औषधाच्या स्क्रीनवर दोन बटणं एकमेकांना चिकटून, रंग एक, आकार एक. रात्रपाळीच्या नर्सचं बोट चुकलं. रुग्ण वाचला, नर्सची नोकरी गेली, बटणं होती तिथेच राहिली. चॅपानिसच्या त्या कामाला तेव्हा काही दशकं झाली नव्हती असं नाही, पण त्याचं कुणी वाचलेलं नव्हतं एवढं खरं.

युद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी हेच काम पद्धतशीर केलं. त्यांनी वैमानिकांना अगदी साधा प्रश्न विचारला: तुमच्या हातून किंवा तुमच्या समोर झालेली एखादी चूक सांगा. अशा ४६० हकिगती जमवून १९४७ साली अहवाल काढला. त्याच्या शीर्षकात 'पायलट एरर' हे शब्द अवतरण चिन्हांत आहेत. मला ती दोन छोटी चिन्हं फार आवडतात. साधारण निम्म्या हकिगतींमध्ये एका खटक्याऐवजी दुसरा ओढलेला. काटे वाचण्याच्या चुकांवर त्यांनी वेगळा अहवाल काढला. त्यात उंची दाखवणाऱ्या तीन काट्यांच्या तबकडीचं प्रकरण आहे: शेकड्याचा एक काटा, हजाराचा एक, दहा हजारांचा एक. घाईत एक हजार फुटांची चूक सहज व्हायची, आणि डोंगर काही हजार फूट बाजूला सरकत नाही. हाच तो फिट्स, ज्याचा नियम आपल्या स्क्रीनवरच्या बटणांना आजही लावतात: लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका हात पोचायला वेळ जास्त.

मर्फीचा नियमही इथलाच बरं का! कॅप्टन एडवर्ड मर्फी राइट फील्डचा इंजिनिअर. १९४९ साली तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जॉन स्टॅप यांच्या रॉकेटच्या घसरगाडीवर बसवायला मोजमापाची यंत्रं घेऊन गेला. यंत्रं उलटी जोडली गेली, आकडा आला शून्य. मर्फी जोडणाऱ्या सहायकावर उखडला की चुकीची एक जरी पद्धत असली तरी हा नेमकी ती शोधून काढेल. म्हणजे मूळ नियम माणसाला शिव्या देणारा होता. स्टॅप आणि मंडळींनी त्याला फिरवून, चूक होऊ शकते तिथे ती होणारच हे धरूनच यंत्र बनवा, असा अर्थ दिला. हे स्टॅप पुढे १९५४ साली ताशी ६३२ मैलांवरून सुमारे सव्वा सेकंदात थांबले, ४६ जी सोसले, डोळ्यांत रक्त उतरलं आणि तरी बचावले.

मग १९५० साल. नव्या जेट विमानांत वैमानिक नीट बसत नाहीत अशी शंका आली. कॉकपिट सरासरी माणसासाठी बनवलेलं. पोरं आता थोराड झाली असतील, पुन्हा मोजा. चार हजारांच्या वर वैमानिक मोजले गेले, एकेकाची शंभराहून जास्त मापं. हे काम करणाऱ्यांत गिल्बर्ट डॅनिएल्स हा कोवळा लेफ्टनंट होता. त्याच्या डोक्यात आलं, सरासरी माणूस मोजला, पण तो आहे कुठे? त्याने कॉकपिटला लागणारी दहा मापं निवडली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. प्रत्येक मापात मधले तीस टक्के लोक म्हणजे सरासरी, अशी ऐसपैस व्याख्या केली. ४,०६३ वैमानिकांपैकी दहाही मापांत सरासरी किती? शून्य. एकही नाही. तीनच मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांच्या आत. जे कॉकपिट सगळ्यांसाठी केलं होतं ते कुणासाठीच नव्हतं. हात पोचत नाही, पाय पूर्ण दाबला जात नाही, आणि अहवालात, अर्थातच, पायलटची चूक. यानंतर पुढेमागे सरकणाऱ्या खुर्च्या, सरकणारी पायडलं, कमीजास्त होणारे पट्टे आले. कंपन्यांनी आधी खर्चाची कुरकुर केली आणि मग केलंच.

हे पुरतं संपलं असं समजू नका. माझा मामेभाऊ सगळ्या परीक्षा पास होऊन वैद्यकीय तपासणीत अडला, कारण मांडी ठरलेल्या मापापेक्षा जास्त भरली. मांडी लांब असेल तर खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे आपटतात, कारण चोख आहे. पण मामी आजही म्हणते, "अगं, मुलगा काय कपाट आहे का?" अमेरिकन हवाईदलाने पाच फूट चार इंचांची उंचीची अट २०२० साली काढली. त्याच वर्षी याच तळावरून नवं धोरण निघालं की पुढची विमानं फक्त पुरुष वैमानिकांच्या १९६७च्या मापांवर बेतू नयेत. त्या मापांत अमेरिकेतल्या सुमारे ४४ टक्के बायका बसतच नव्हत्या.

आता पुण्याकडे येतो, कारण हे दोन शब्द आपल्या दारापर्यंत आलेले आहेत. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१मध्ये राजस्थानात सुरतगढजवळ रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ सह गेला. चौकशीत ठपका त्याच्यावर आला. त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, तो गप्प बसून स्वीकारला नाही. हवाईदलाला जाहीर प्रश्न विचारणं आपल्याकडे सोपं नव्हतं. त्यांचा मुद्दा डॅनिएल्स-चॅपानिसचाच होता: माणसाला कुठल्या यंत्रात, किती तयारीने बसवलंत? मिग-२१ धावपट्टीवर उतरते ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. संथ किरण विमानांवर शिकलेली मुलं तिच्यावर जात. मधल्या टप्प्याचं प्रगत प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. बावीस वर्षं! या काळात जे गेले त्यांच्या अहवालांत समितीचं, फायलीचं, खात्याचं नाव कुठे असेल? गाडगीळ दांपत्याने पुण्यात मुलाच्या नावाने जीत एरोस्पेस ही संस्था काढली, सिम्युलेटर बसवला. मिग-२१ भारतीय हवाईदलातून निवृत्त झालं ते सप्टेंबर २०२५मध्ये.

कुणी म्हणेल, हे जुन्या विमानांचं झालं. तर मग सगळ्यात नव्याचं आणि महागड्याचं ऐका. १६ नोव्हेंबर २०१० च्या रात्री अलास्कात कॅप्टन जेफ हेनी यांचं एफ-२२ पडलं. इंजिनातून येणाऱ्या गरम हवेची गळती यंत्रणेला जाणवली, तिने ती हवा बंद केली, आणि वैमानिकाचा प्राणवायू त्याच हवेतून बनत असल्याने तोही बंद झाला. आणीबाणीचा प्राणवायू होता. तो सुरू करायला खुर्चीच्या डाव्या अंगाला एक छोटं हिरवं कडं ओढायचं होतं. अंगावर थंडीचे जाडजूड कपडे, डोळ्यांवर रात्रीची दुर्बीण, विमान आवाजापेक्षा वेगात. २०११च्या डिसेंबरात अहवाल आला: कारण, हेनींचं लक्ष एका गोष्टीत गुंतलं आणि विमान वेळेत सावरलं नाही.

त्याच्या आधीच, २०११च्या मे ते सप्टेंबर, सगळी एफ-२२ जमिनीवर ठेवावी लागली होती, कारण वैमानिकांना हवेत गरगरत होतं, खोकला सुटत होता. खोकल्याला त्यांनी विमानाचंच नाव दिलं होतं, रॅप्टर कफ. पण डॉक्टरकडे जाणार कोण? लष्करी वैमानिक डॉक्टरच्या दारात शिरतो तेव्हा त्याला मिळवण्यासारखं काही नसतं, उड्डाण मात्र बंद होऊ शकतं. हे लिस्टरच्या काळापासून असंच आहे. शेवटी मे २०१२मध्ये दोन वैमानिकांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की हे विमान उडवायला आम्हाला सुरक्षित वाटत नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच एक मोठा दोष जाहीर झाला: छातीभोवतीच्या जाकिटाची झडप सदोष. जाकीट जीचा भार सोसायला मदत व्हावी म्हणून फुगायचं, पण ते नको तेव्हा फुगत होतं आणि फुगलेलंच राहत होतं. वैमानिकाला श्वासच पुरा घेता येत नव्हता. झडप बदलली, आपोआप सुरू होणारा राखीव प्राणवायू बसवला, आणि उंचीवरचे निर्बंध एप्रिल २०१३मध्ये उठले.

त्याच्या दोन महिने आधी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी हेनी प्रकरणाची चौकशी तपासून लिहिलं की अहवालातला निष्कर्ष अहवालातल्याच पुराव्यांवर उभा राहत नाही. हवाईदल आपल्या निष्कर्षावर ठाम राहिलं. हिरवं कडं मात्र बदललं, आता ते हाताला सहज सापडतं.